सात मिनिटांची होडी

रांग का लांबते हे मला कुणी शिकवायला नको. बारावी झाल्यावर चार वर्षं मी आमच्या गावच्या दूध संस्थेत दुधाचं फॅट तपासायला बसत होते. सकाळ-संध्याकाळ माणसं कॅन घेऊन समोर उभी राहायची आणि सगळ्या रांगेचा जीव माझ्या त्या एका टेबलात अडकलेला असायचा. लोकांना वाटतं, माणसं जास्त झाली की रांग लांबते. तसं नसतं. तीस माणसं असली आणि प्रत्येकाने झाकण आधीच उघडून ठेवलं असलं, तर रांग बघता बघता संपते. दहाच माणसं असली, पण त्यात तीन म्हाताऱ्या झाकणावर बांधलेल्या फडक्याची गाठ सोडत बसल्या, तर मागचे जांभया द्यायला लागतात. अशा वेळी मी ओरडायचे. “आवरा की! मागं माणसं उभी हायती!” माझं तोंड गावात प्रसिद्ध होतं. दूध नासलं तर ते उन्हाने नाही, या पोरीच्या बोलण्याने नासतं, असं एक म्हातारा मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा.

त्या तीन म्हाताऱ्यांतली एक माझी माय. खरं तर ती म्हातारी नव्हती. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, पण गुडघ्यांनी केव्हाच सत्तरी गाठलेली. वीस वर्षं दिवाळी झाली की ती आणि वडील ऊसतोडीला जायचे. कोयता धरून धरून तिच्या उजव्या हाताची बोटं पूर्ण उघडायचीच बंद झाली होती. गाठ सोडायला वेळ लागायचा तो त्यामुळे. मला हे माहीत होतं आणि तरी मी ओरडायचे, कारण टेबलामागे बसलं की मला कुणी माय नव्हती, सगळे सभासदच होते. याचा मला तेव्हा अभिमानसुद्धा वाटायचा.

ज्या वर्षीची ही गोष्ट आहे त्या वर्षी आमच्या आष्टी तालुक्यात सलग दुसऱ्यांदा पावसाने हात आखडता घेतला होता. गावच्या तलावात पोरं क्रिकेट खेळायची आणि चेंडू पाण्यात जाईल ही भीती कुणालाच नव्हती. संस्थेने गावाबाहेर चारा छावणी उघडली होती. अर्धं गाव जनावरांबरोबर तिथेच राहायला गेलं होतं. वडीलही आमच्या दोन गाई घेऊन तिथेच होते. अशा दिवसांत दूध संस्थेची सभासद सहल निघाली, तीसुद्धा पुण्याच्या अलीकडच्या एका मोठ्या थीम पार्कला. ऐकणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटेल. गावातल्या बऱ्याच जणांनाही वाटलं.

“जनावरांना पाणी न्हाई आन तुमी झुले खेळायला निघालात व्हय?” असं एकाने चेअरमनना तोंडावर विचारलं.

चेअरमन शांत माणूस. ते म्हणाले, “आदल्या साली सभेत ठराव झालाय. ठराव म्हंजे ठराव. रद्द करायला बी सभाच घ्यावी लागती, आन आता छावणी सोडून सभेला कोण येतंय? त्यापरीस सहलच सोपी हाय.”

म्हणजे सहल रद्द करायला लागतील एवढी माणसं जमेनात, म्हणून सहल निघाली. सहकारात अशी कामं होतात. एका खात्यामागे एक माणूस, असा नियम ठरला. आमचं खातं मायच्या नावावर होतं, म्हणून ती सभासद म्हणून निघाली आणि मी संस्थेची नोकर म्हणून. एक अट मात्र चेअरमननी सगळ्यांना दहा वेळा ऐकवली होती, की संध्याकाळी पाचला बस सुटणार म्हणजे सुटणार. जनावरं शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकलेली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला मला टेबलावर बसायचं होतं.

पहाटे निघालो. नगर मागे पडेपर्यंत माय खिडकीतून नजर काढत नव्हती. तो रस्ता तिच्या ओळखीचाच होता. वीस वर्षं ती त्याच रस्त्याने गेली होती, पण ट्रकमध्ये, भांडीकुंडी आणि गोधड्यांच्या ढिगावर बसून. मला मोठ्या कौतुकाने म्हणाली, “आज कायबी काम न्हाई ना गं तिथं गेल्यावर?” मी म्हटलं, “नाही.” थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मी चिडून पुन्हा तेच सांगितलं.

पार्कच्या दारात मोठी पाटी होती. कुठला खेळ कुठे आहे ते चित्रांनी दाखवलेलं. आम्ही पोरी रोलर कोस्टरच्या चित्राभोवती किंचाळत होतो. माय मात्र एका कोपऱ्यातलं चित्र बघत उभी होती. पाण्यातून जाणारी छोटी होडी, होडीत बसलेली माणसं, पुढे एक गुहा.

“हिच्यात चालावं लागतं का?”

“नाही.”

“चढावं?”

“एकदा चढायचं. मग ती होडीच घेऊन जाती.”

“मग मला हीच पायजे,” माय म्हणाली. “बाकीचं तुमी घ्या सगळं. मला एकदा निवांत बसून जायचंय कुठंतरी.”

तिने आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. हे सुद्धा तिने मागितलं नाही, नुसतं सांगितलं. मी म्हटलं, त्यात काय, सगळ्यात आधी तुझी होडी करू.

तिथे गेलो तर होडीपुढे ही रांग. लोखंडी कठड्यांतून नागमोडी वळणं घेत घेत ती पार बाहेरच्या फरसबंदीवर आली होती आणि शेवटी एक पाटी होती, इथून दीड तास. मला आधी खरंच वाटेना. बाजूलाच रोलर कोस्टर आकाशात उलटापालटा होत होता आणि त्याची रांग म्हणावी तर दोन वळणांची. मी गार्डला विचारलं, होडीत असं काय आहे? तो म्हणाला, काही नाही, गुहेतून जाते, बाहुल्या नाचतात, सात मिनिटांनी परत येते. मी मायला म्हटलं, “सात मिनिटांच्या होडीला दीड तास कोण उभं राहील?”

“एवढी माणसं उभी हायती म्हंजे काहीतरी मिळत आसंल,” माय म्हणाली. आमच्याकडे त्या दिवसांत रांगेच्या टोकाला पाणीच असायचं, त्यामुळे तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. इथेही होतं पाणीच. आमच्यातली एक बाई ते पाणी बघून चिडलीही होती. “खेळायला येवढं पाणी, आन आमची जनावरं जीभ काढून बसलीत!” ती म्हणाली आणि तिकडे पाठ करून उभी राहिली. माय तिला म्हणाली, “पाण्यावर कावून रागवायचं? दिसतंय तर बघून घे.”

पण दीड तास उभं राहणं मायच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. आमच्या संस्थेच्या आणखी तीन म्हाताऱ्यांनाही होडीतच बसायचं होतं. त्यांचेही गुडघे तसेच. मग त्या चौघींनी तेच केलं जे गावात टँकर यायच्या दिवशी करतात. रांगेत नंबर लावला आणि सावलीला जाऊन बसल्या.

नंबर लावायचा म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. टँकर येणार असला की हंडे, घागरी, डबे एकामागे एक लागतात आणि माणसं आपापल्या कामाला जातात. हंडा नसला तर दगड ठेवा, दगड नसला तर पायताण ठेवा. गिरणीत, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे हेच. रांग पुढे सरकली की मागचा माणूस तुमचा हंडा पायाने पुढे ढकलतो. भांडकुदळातली भांडकुदळ बाईसुद्धा दुसऱ्याचा हंडा मागे टाकत नाही. टाकला तर गावात राहायची सोय नाही. तर चौघींनी चपला काढल्या, रांगेच्या शेवटी दोन दोन ओळींत नीट मांडल्या, मागच्या बाईला सांगितलं, “आमचा नंबर हाय बरं का बाई,” आणि अनवाणी जाऊन झाडाखालच्या कट्ट्यावर बसल्या.

मला माहीत होतं. हे मी इथे कबूल करते. आमच्या चपलांना तिथे कुणी विचारणार नाही हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी चार यत्ता जास्त शिकलेली, बीडला दोनदा कॉलेजच्या कामाला गेलेली. मी त्या रांगेत उभी राहायला हवी होती. पण दोन पोरी माझा हात ओढत होत्या, वर रोलर कोस्टर किंचाळत होता, आणि मी स्वतःला म्हटलं, असू दे, चालून जाईल. मी गेले.

रोलर कोस्टरमध्ये मी तीनदा बसले. दहा दहा मिनिटांत नंबर लागत होता. तिथे का लागतो ते माझ्या टेबलाच्या हिशोबाने लगेच लक्षात आलं. गाडीभर माणसं एकदम बसतात, दांडा खाली येतो, गाडी सुटते, आणि मिनिट-दोन मिनिटांत पांढरी पडलेली माणसं घेऊन परत येते. कुणी रेंगाळत नाही. शिवाय रांगेत आलेल्या चारांतला एक वर बघून, पोट धरून परत फिरतो. मिशा पिळलेले बाप्ये सुद्धा ‘मला जरा काम आठवलं’ अशा तोंडाने निघून जाताना मी पाहिले. आम्ही पोरी त्यांना हसत होतो. मग जेवलो, आणखी दोन खेळ केले, आणि मला मायची आठवण झाली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

माय झाडाखाली निवांत बसली होती. “आला आसंल की गं नंबर आता,” म्हणाली. मी रांगेपाशी गेले. चपला नव्हत्या. गार्डला विचारलं तर त्याने कचऱ्याच्या डब्यामागे बोट दाखवलं. चारही जोड तिथे एकावर एक पडले होते. मागच्या बाईने म्हणे थोडा वेळ त्या पायाने पुढे सरकवल्याही होत्या, मग तिचं मूल रडायला लागलं आणि ती निघून गेली. त्यानंतर सगळे चपलांना ओलांडून पुढे गेले.

मी त्या गार्डवर जी सुटले! माझ्या तोंडाची जेवढी ख्याती होती तेवढी सगळी तिथे वापरली. बिचारा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “मॅडम, चपलेला नंबर नसतो. माणसाला असतो.”

तो बरोबर होता आणि मला ते सकाळपासून माहीत होतं. रागाने माझे कान तापले होते, पण तो राग त्याच्यावरचा नव्हता.

तोवर माय मागे येऊन उभी राहिली होती. ती गार्डला समजावल्यासारखी म्हणाली, “आमच्याकडं कुणी हात लावीत न्हाई, बाबा. म्हणून ठिवल्या.” तो ओशाळला. बाकीच्या तिघींनी “जाऊ दे बाई, नशिबात न्हाई होडी,” म्हणत आपापल्या चपला घातल्या आणि पुन्हा झाडाखाली गेल्या. मायने चपला घातल्या आणि ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पाटी अजून तेच सांगत होती, इथून दीड तास. पाचला बस. मी घड्याळ बघितलं. हिशोब जुळत नव्हता.

“तू बस तिकडं, मी उभी राहते. नंबर आला की हाक मारते,” मी म्हटलं.

“माणसाला नंबर असतो म्हनला ना त्यो? मग माणूसच उभा राहील.” तिने कठडा धरला. मी शेजारी उभी राहिले. नजर वर करायची माझी हिंमत नव्हती.

पहिला अर्धा तास मी नुसती धुसफुसत होते. मग काही करायला नाही म्हणून रांगेकडे बघायला लागले. आमच्या पुढे एक आजोबा दोन नातवंडांना घेऊन. त्यांच्या पुढे तान्हं मूल पदराखाली घेतलेली बाई. एक सातव्या-आठव्या महिन्यातली पोरगी, नवरा तिला टोपीने वारा घालत होता. एक नवीन लग्न झालेलं जोडपं, त्यांना बाहुल्यांपेक्षा गुहेतला अंधार बघायचा असावा. एक धिप्पाड माणूस खांद्यावर मुलगी घेऊन. तो सारखा सगळ्यांना सांगत होता की पोरीसाठी आलोय, नाहीतर आपण रोलर कोस्टरवालेच. पण रोलर कोस्टरचा धडधडाट डोक्यावरून गेला की तो मान खाली घालायचा. म्हणजे बाकीचे सगळे खेळ ज्यांना झेपत नाहीत, ते सगळे इथे. आणि इथून कुणीच परत फिरत नव्हतं. भीती वाटून कोण जाणार, इथे भिण्यासारखं काही नव्हतंच. घरातलं एक माणूससुद्धा बाहेर पिशव्या राखत बसलेलं नव्हतं, सगळं घरच्या घर रांगेत. वरून पत्र्याची सावली, टेकायला कठडा, आणि लांबून येणारा पाण्याचा गार वास.

रांगेचं तोंड दिसायला लागल्यावर मात्र खरं कारण कळलं. होडी आठ जणांची, आणि चालू एकच. होडीवाला एकेकाला हात देऊन उतरवायचा, एकेकाला हात देऊन चढवायचा. एक आजी पाय पुढे टाकायची, मागे घ्यायची, पुन्हा पुढे टाकायची. एक पोरगं उतरायलाच तयार नव्हतं. माझ्या मुठी वळायला लागल्या. इथे माझ्यासारखी एखादी बसवली असती तर अर्धा तास वाचला असता.

“उचलून ठेवा की त्यांना!” मी मोठ्यानेच बोलले. “नुसता खोळंबा करतात ही माणसं.”

माय माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझ्या टेबलापुढं मी अशीच उभी असते गं रोज.”

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. गाय आटली, असं सांगावं तसं तिने सांगितलं. मला जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं. चार वर्षांत पहिल्यांदाच मला माझं टेबल पुढच्या बाजूने दिसलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ती होडीकडे बघत होती आणि तिला माझ्या माफीची वगैरे काही गरज दिसत नव्हती.

पावणेपाचला चेअरमन आम्हाला शोधत आले. आमच्या पुढे अजून वीस-बावीस माणसं होती. त्यांनी मायकडे बघितलं. घामाने तिचं कुंकू ओघळलं होतं आणि कठड्यावर रेलून तिने एक पाय वर धरला होता. “वहिनी, बस सुटती आता,” ते म्हणाले. माय म्हणाली, “मी आडवीत न्हाई कुणाला. जनावरं वाट बघत असतील, माहिती हाय मला. पुढच्या होडीपर्यंत बघते, नाहीतर निघते.” पुढच्या होडीत आठच जण जाणार हे तिलाही कळत होतं. चेअरमन बसकडे परत गेले.

पुढे बसमध्ये काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. चेअरमन दारात उभे राहिले आणि सभेत बोलतात तशा आवाजात म्हणाले, “एका सभासदाची होडी बाकी हाय. तोवर बस थांबवावी, असा ठराव मी मांडतो.” सगळ्या बसने हात वर केले. सकाळी पाण्यावर चिडलेल्या बाईने दोन्ही केले. ड्रायव्हर कुरकुरला, “मला घरी जायचंय, माझं मत कुणी इचारीना!” त्याला मागून एक जण म्हणाला, “तू सभासद हाईस का बे?” ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि तो सांगायला एक पोरगी धावत आमच्याकडे आली.

मायने ऐकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कधी तिला रडताना पाहिलं नव्हतं. “लोकांचा खोळंबा झाला गं,” एवढंच म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

साडेपाचला आमचा नंबर आला. काठ आणि होडी यांच्यात वीतभर अंतर होतं, आणि होडी खोल. मायचा गुडघा वाकेना. तिने एकदा पाय टाकला, होडी हलली, तिने मागे घेतला. दुसऱ्यांदा तसंच. होडीवाल्याने दोन्ही हात दिले. शेवटी ती सरळ काठावर खाली बसली, पाय आत सोडले आणि हळूहळू सरकत सरकत आत उतरली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला तो दिवसाएवढा वाटला. मी मागे वळून बघितलं. आता कुणीतरी ओरडणार, असं वाटलं; ओरडायची सवय असलेल्या माणसाला ते आधीच ऐकू येतं. पण सगळे नुसते उभे होते. आमच्या मागची एक म्हातारी म्हणाली, “सावकाश होऊ द्या, घाई काही नाही.” तीही दीड तास उभी होती.

होडी निघाली. गुहेत गार होतं. पाणी अगदी संथ, होडीचा आवाजसुद्धा नाही. पहिल्या वळणावर बाहुल्यांची लग्नाची वरात लागली, दिवे लागले, सनई वाजायला लागली. मी मायला म्हटलं, “ती बघ नवरी.” उत्तर आलं नाही. तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं होतं. ती गाढ झोपली होती.

मला हसू आलं आणि रडूही आलं. सकाळपासून ज्यांच्यासाठी ताटकळली ती सात मिनिटं चालली होती. नाचणारे हत्ती गेले, मोर गेला, झोपडीतली म्हातारी बाहुली मान हलवत गेली. उठवू का नको, उठवू का नको करता करता बाहेरचा उजेड दिसला. होडी काठाला लागली. आमच्या बरोबरचे सहा जण उतरले.

“चला, उतरा,” होडीवाला म्हणाला.

“झोपलीय हो ती,” मी म्हटलं. माझा आवाज माझाच मला ओळखू येईना. “जरा थांबा.”

त्याने रांगेकडे बघितलं. मीही बघितलं. सगळ्यात पुढे ती घाई नाही म्हणणारी म्हातारी आणि तिचा नवरा होता. आम्ही उतरलो की त्या जागा त्यांच्या होत्या. म्हातारीने मायकडे नीट बघितलं, त्या न उघडणाऱ्या बोटांकडेही बघितलं असावं. मग होडीवाल्याला म्हणाली, “राहू दे त्यांना. आम्ही पुढच्या फेरीला जाऊ.” मागचे सहा जण पुढे येऊन आमच्या आजूबाजूला बसले, आवाज न करता. एकाने आपल्या पोराच्या तोंडावर बोट ठेवलं. होडी पुन्हा निघाली.

दुसऱ्या फेरीत मी बाहुल्यांकडे बघितलंच नाही. मायचा हात होडीच्या काठावरून पाण्यात गेला होता आणि बोटं पाण्यात मागे-पुढे हलत होती. होडी चालते म्हणून हलत असतील, असं मला वाटलं. काठाला लागलो तशी ती बरोबर जागी झाली. “झालं का?” म्हणाली, आणि माझ्या हाताला धरून, चढली त्यापेक्षा कितीतरी लवकर, उतरली.

बसमध्ये सगळ्यांनी विचारलं, कशी होती होडी? माय म्हणाली, “लई लांब फेरा हाय. माणसाची एक झोप व्हती.” गावात गेल्यावर छावणीत तेच सांगितलं, आणि मग वर्षानुवर्षं ज्याला-त्याला. बाया मला विचारायच्या, खरंच का गं एवढी लांब? मी म्हणायचे, हो, लांब आहे. टेबलावर ओरडणं मी त्या सहलीनंतर बंद केलं, एकदम नाही, पण बऱ्यापैकी. कॅनचं फडकं सोडायला कुणाला वेळ लागला तर मी उठून सोडून द्यायला लागले.

नंतर पाऊस झाला, माझं लग्न झालं, मुलगी झाली. एकदा माहेरी गेले असताना माय तिला तीच होडी सांगत बसली होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, “माय, तुला मी कधी सांगितलं नाही. तो फेरा लांब नव्हता गं. तू पहिल्या फेऱ्याला पूर्ण झोपली होतीस. लोकांनी आपल्या जागा सोडून तुला दुसरा दिला.”

मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. ती शेंगा फोडत होती, ती फोडतच राहिली.

“झोपले व्हते की पयल्याला,” माय म्हणाली. “होडी थांबली तवाच जाग आलती. तू सांगत व्हतीस त्या बाबाला, झोपलीय म्हणून. मग म्या डोळे उघडलेच न्हाईत.”

“कावून?”

“उघडले असते तर उतराय लागलं असतं ना!”

असं म्हणून ती नातीकडे वळली, आणि डोळे मिटल्यावर ते पाणी हाताला किती गार लागत होतं ते तिला सांगायला लागली.